सव्वाअठरा घोडे

त्या शेडमधल्या माणसांना इंजिनातलं फारसं काही कळत नाही, हे मला पहिल्याच शनिवारी वीस मिनिटांत कळलं. मला ते कळलंय, हे मात्र त्यांना पुढचे कितीतरी महिने कळलं नाही. मला काही कळत असेल अशी शंकाच कुणाला आली नव्हती.

मी तिथे गेले ती नोकरीच्या आशेने. नवऱ्याला कॅनडात वॉटर्लूला सॉफ्टवेअरमधलं काम मिळालं म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो होतो. त्याआधी पिंपरीच्या एका कारखान्यात मी आठ वर्षं इंजिनं टेस्ट करत होते. इंजिन टेस्ट बेडवर चढवायचं, त्याला ब्रेक लावायचा, ते खरोखर किती ताकद देतं ते मोजायचं आणि कागदावर सही करायची. माझ्या सहीशिवाय माझ्या बेडवरचं एकही इंजिन गेटबाहेर जात नसे. इथे दीड वर्ष अप्लाय करत राहिले. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का? जसं काही इथलं पेट्रोल वेगळ्या भाषेत जळतं.

शेवटी एम्प्लॉयमेंट सेंटरमधल्या बाईने सुचवलं, ‘‘व्हॉलंटिअर करा ना. रेझ्युमेवर छान दिसतं.’’ तिनेच गावाबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीशेजारच्या शेडचा पत्ता दिला. तिथे काही रिटायर्ड मंडळी शंभर वर्षांपूर्वीच्या धर्तीचं विमान बांधत होती. कॅनडात पहिलं इंजिनाचं विमान उडालं त्याला पुढच्या हिवाळ्यात शंभर वर्षं होणार होती. त्या निमित्ताने हे लोक आपलं विमान गोठलेल्या तलावावरून उडवणार होते.

शेड मोठं होतं, आणि विमान, खरं सांगायचं तर, सुंदर होतं. एकावर एक दोन पंख, लाकडाच्या सडपातळ पट्ट्या, त्यांवर ताणून बसवलेलं पांढरं कापड, सगळीकडे तारा. सुतारकाम जाणणारे दोघेतिघे त्यांच्यात होते आणि त्यांनी हात राखून काम केलं नव्हतं. बाकीचे कॉफी पीत विमानाभोवती फिरत.

त्यांचा चेअरमन आयुष्यभर इन्शुरन्स विकून रिटायर झाला होता. त्याच्याकडे फरची कॉलर असलेलं वैमानिकाचं जॅकेट होतं आणि ते तो शेडमध्ये हीटर चालू असतानाही काढत नसे. त्याने स्वतः आयुष्यात कधी काही उडवलं नव्हतं. हे मला नंतर कळलं, पण जॅकेट बघूनच अंदाज आला होता. मी हात पुढे करून सांगितलं की मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, इंजिन टेस्टिंगमध्ये आठ वर्षं काढली आहेत. तो म्हणाला, ‘‘वंडरफुल! आमच्या किचनला मदत हवीच होती.’’

मी किचन सांभाळलं. दर शनिवारी मोठ्या किटलीत कॉफी करायची, बिस्किटं मांडायची आणि माहितीपत्रकाच्या घड्या घालायच्या. त्या पत्रकावर ठळक अक्षरात छापलं होतं, ‘पस्तीस हॉर्सपॉवरचं अस्सल इंजिन’.

इंजिन अस्सल होतं, त्यात वाद नाही. ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने क्लबला दिलं होतं. चार सिलिंडरचं, त्याच काळातलं. त्याच्या आजोबांनी त्यावर लाकूड कापायची करवत चालवली होती, आणि नंतर कित्येक वर्षं ते गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. तो शेतकरी फार बोलत नसे. शनिवारी यायचा, इंजिनाला तेल घालायचा, पुसायचा, जायचा. शेडमध्ये मला तेवढाच एक माणूस वाटत होता.

एकदा इंजिन चालू केलं तेव्हा मी कॉफीचा ट्रे घेऊन उभी होते. मी कान दिला. ते अडखळत होतं. मी चेअरमनना विचारलं, ‘‘पस्तीस हा आकडा कुणी मोजला?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे कुठल्या ब्रेकवर, किती आरपीएमला?’’

त्याने शेतकऱ्याकडून मिळालेली इंजिनाची जुनी जाहिरात फ्रेम करून भिंतीवर लावली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘‘डिअर, ते तिथे लिहिलंय.’’ आणि सगळे हसले.

मला हसू आलं नाही. त्या काळच्या जाहिरातीतले घोडे म्हणजे निव्वळ थाप असायची. कारखानदार सिलिंडरचा व्यास बघून आकडा ठोकून द्यायचे. पहिल्या विमानवाल्यांपैकी किती जणांनी असल्या आकड्यांवर विश्वास ठेवून इंजिनं विकत घेतली, पंखांना बांधली आणि लोकांसमोर शेतात खुरडत बसले. ज्या दोघा सायकलवाल्या भावांचं नाव जग घेतं, त्यांना मनासारखं इंजिन कुणी देईना म्हणून त्यांनी ते स्वतःच्या दुकानात करवून घेतलं. ते जेमतेम बारा घोड्यांचं होतं, पण बारा म्हणजे बारा, आणि त्या बारावर भागेल असंच विमान त्यांनी बांधलं. हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं. इथे विमानांच्या नावाने क्लब काढलेल्या माणसांना ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ते फ्रेमकडे बोट दाखवत होते. दुसरं असेल तर जास्त वाईट.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘अगं, जाऊ दे ना. तुला रेफरन्स लेटर हवंय की त्यांचं विमान उडायला हवंय?’’

‘‘त्यांना इंजिन मोजायची लाज वाटतेय रे.’’

‘‘तू कॉफी कर. गप्प बस.’’

गप्प बसायचा सल्ला मला पटला नाही. पुढच्या शनिवारी मी शेतकऱ्याला एका बाजूला घेतलं आणि माहितीपत्रकाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. इंजिनाच्या फिरत्या चाकाला दोन लाकडी ठोकळ्यांनी दोन्ही बाजूंनी आवळायचं. ठोकळ्यांना एक लांब दांडा. चाक ठोकळ्यांना आपल्याबरोबर फिरवू बघतं, दांडा अडवतो, आणि दांड्याचं टोक खाली ठेवलेल्या वजनकाट्याला जेवढं दाबेल त्यावरून ताकद काढायची. जवळजवळ दोनशे वर्षं जुनी युक्ती आहे, आणि पिंपरीत आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात हाच ब्रेक हाताने बनवायला लावायचे.

त्याने चित्र बघितलं. ‘‘मेपलचं लाकूड चालेल?’’

‘‘उत्तम.’’

‘‘गुरुवारी ये. गुरुवारी इथे कुणी नसतं.’’

दोन गुरुवारांत आम्ही ब्रेक केला. वजनकाटा माझ्या वॉशरूममधला होता. तो खरं बोलतो की नाही हे बघायला मी घरून आट्याची वीस पौंडांची सीलबंद पिशवी नेली आणि ती काट्यावर ठेवली. काटा वीसवर थांबला. शेतकऱ्याने समाधानाने मान हलवली. दांडा बरोबर एक मीटरचा केला. नुसत्या दांड्याचं वजन काट्यावर पाच पौंड येत होतं, ते वजा करायचं असं मी खडूने भिंतीवर लिहून ठेवलं.

तिसऱ्या गुरुवारी इंजिन चालू केलं. तो स्पॅनरने बोल्ट आवळत गेला, मी जुन्या कॉफीच्या डब्याने ठोकळ्यांवर पाणी ओतत राहिले. पाणी पडताच वाफ होत होती आणि जळक्या मेपलचा गोडसर वास शेडभर पसरला. दोन वर्षांत पहिल्यांदा माझे हात काळे झाले होते. बाराशे आरपीएमला काटा एकोणतीसवर थरथरत राहिला. पाच गेले, चोवीस उरले. मी भिंतीवरच गणित केलं. सव्वाअठरा घोडे. पुन्हा केलं, तरी सव्वाअठरा. तीनदा इंजिन चालवलं, तिन्ही वेळा तेच.

विमानाच्या नकाशांसोबत आलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की पंचवीसच्या खाली हे विमान जमीन सोडणार नाही.

शनिवारी मी सगळ्यांसमोर कागद ठेवला. चेअरमनने तो हातातही घेतला नाही. ‘‘हे कशावर मोजलं?’’ शेतकऱ्याने काट्याकडे बोट केलं. ‘‘बाथरूमच्या काट्यावर?’’ मी सांगितलं की काटा आट्याच्या पिशवीवर तपासून घेतलाय. ती माझी चूक झाली. ‘पिठावर तपासलेलं इंजिन’ हा त्यांना पुढे महिनाभर पुरेल असा विनोद मिळाला. मग त्याने शोध लावला की गणितात मी पौंडांचे किलो केले आहेत आणि दांडा मीटरमध्ये धरलाय. ‘‘डिअर, तुमचे घोडे मेट्रिक असतील. आमचे इम्पीरियल आहेत.’’ या दोन्ही प्रकारच्या घोड्यांत शंभरात दीडचासुद्धा फरक नसतो, आणि जो असतो तो त्याच्याच विरुद्ध जातो, म्हणजे त्याचे घोडे अठराहून कमी भरतात. हे मी सांगत होते तोवर तो जॅकेटची चेन वर ओढून दुसऱ्याशी बोलायला लागला होता. जाता जाता म्हणाला, ‘‘हा आकडा शेडबाहेर जायला नको. स्पॉन्सर घाबरतील.’’ शेतकऱ्याला त्याने तो ब्रेक उचलून न्यायला सांगितलं. शेतकऱ्याने उचलला, ट्रकमध्ये टाकला, आणि तो येईनासा झाला.

मी मात्र जात राहिले. आजवर मी हे कुणाला नीट सांगितलेलं नाही, की मी का जात राहिले. रेफरन्स लेटरसाठी, असं घरी सांगत होते. खरं म्हणजे त्यांचं हसं झालेलं मला बघायचं होतं. तेही तलावावर, पाहुण्यांसमोर, फोटोग्राफरसमोर. त्या जॅकेटवाल्याचा चेहरा त्या वेळी कसा होईल याचं चित्र मी घड्या घालता घालता रंगवत असे.

विमान चालवणारा माणूस या सगळ्याच्या वेळी फ्लोरिडात होता. तो पूर्वी विमान कंपनीत पायलट होता, सत्तरीला आलेला, उंच, हळू बोलणारा. हिवाळ्याचे पहिले महिने तिकडेच काढायचा. जानेवारीत परत आला तेव्हा त्याने सगळ्या तारा ओढून बघितल्या, कापडावर हात फिरवला, आणि कॉफी घ्यायला माझ्याकडे आला. ‘‘तू इंजिनवाली आहेस असं ऐकलं,’’ तो म्हणाला. त्या शेडमध्ये मला असं म्हणणारा तो पहिला. ‘‘तुला कसं वाटतं, ठीक आहे ना ते?’’

दोन शब्द पुरले असते. भिंतीवरचं गणित अजून पुसलेलं नव्हतं, नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, ‘‘चेअरमनना विचारा. इंजिनाचं तेच बघतात.’’

त्याने विचारलं. चेअरमनने फ्रेमकडे बोट दाखवलं.

उड्डाणाच्या दिवशी तलावावर उणे चौदा होतं. नवरा आणि मुलगी आले होते. मुलगी दहा वर्षांची, थंडीला कंटाळलेली, ‘‘आई, हाऊ लाँग?’’ असं दर पाच मिनिटांनी विचारत होती. नवऱ्याच्या ऑफिसातली दोन मराठी कुटुंबंही आली होती आणि मी त्यांना थर्मासमधून हॉट चॉकलेट देत होते. बर्फावरची वाट शोव्हल करून लांबलचक साफ केली होती, तो बर्फ पलीकडच्या टोकाला ढीग करून ठेवला होता. चेअरमनने माइकवर पंधरा मिनिटं भाषण केलं. त्यात पस्तीस हा आकडा तीनदा आला. मी मोजलं.

इंजिन सुरू झालं. विमान हलकं थरथरलं, निघालं, वेग घेतला. लोकांनी मोबाइल वर केले. शेपूट वर आली. सगळा तलाव वाट बघत होता आणि चाकं बर्फावरच होती. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, बघा, आता बघा. मग ढीग जवळ आला आणि मला दिसलं की पायलट इंजिन बंद करत नाहीये.

नाक बर्फाच्या ढिगात घुसलं. पंख्याच्या चिरफळ्या उडाल्या. पायलट पुढे फेकला गेला आणि तारांत अडकून राहिला. आम्ही सगळे धावलो. मी बर्फावर दोनदा घसरून पडले आणि पुन्हा उठून धावले. तो शुद्धीवर होता, खांदा धरून बसला होता, चेहरा पांढरा पडला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स आली. चेअरमनचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी शिरा करून पायलटच्या घरी गेले. तो खुर्चीत हात बांधून बसला होता. मी डबा ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की आम्ही इंजिन मोजलं होतं, अठराच भरलं होतं, आणि त्याने विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं.

‘‘ढीग दिसत होता मला,’’ तो म्हणाला. ‘‘पस्तीस आहेत म्हणून मी इंजिन बंद न करता आणखी दोन सेकंद थांबलो. अठरा माहीत असते तर मी चढलोच नसतो.’’

‘‘आय ॲम सॉरी.’’

‘‘त्याला काही कळत नाही. तो मूर्ख आहे. तुला कळत होतं.’’

मग तो म्हणाला, ‘‘आता जा तू.’’ आवाज चढवला नाही त्याने. मी बूट पायात अडकवले आणि नाड्या न बांधता तशीच निघाले.

चेअरमनने क्लबच्या पत्रात लिहिलं की प्रतिकूल वाऱ्यामुळे उड्डाण होऊ शकलं नाही. पुढच्या बैठकीत मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, ‘‘वारा नव्हता. इंजिन अठरा घोड्यांचं आहे. हे चेअरमनना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. यांनी खोटं सांगितलं आणि मी खरं सांगितलं नाही.’’ एवढं बोलायला मी घरी आरशासमोर तालीम केली होती. कुणीतरी खोकलं. चेअरमन म्हणाला, ‘‘धिस इज नॉट द टाइम.’’ सुतारकाम करणाऱ्यांपैकी एक उठला आणि त्याने विचारलं, ‘‘मग टाइम कधी?’’ त्याने चार वर्षं त्या पंखांवर घालवली होती. नंतर तोच मला घेऊन शेतकऱ्याच्या घरी गेला.

ब्रेक परत आला. या वेळी मी एकेका सिलिंडरचा स्पार्क तोडून बघितला. पहिल्याचा तोडला, काटा खाली आला. दुसऱ्याचा तोडला, खाली आला. तिसऱ्याचा तोडला आणि काटा हललाच नाही. तिसरा सिलिंडर काहीच काम करत नव्हता, उलट बाकीचे तिघे त्यालाही ओढत होते. उघडून बघितलं तर त्याचा व्हॉल्व्ह जळून वाकडा झालेला. अर्ध्या दिवसाची तपासणी होती ती. आदल्या पानगळीत मला हात लावू दिला असता तर तेव्हाच झाली असती. मी हट्ट धरला असता तरी झाली असती, हेही खरं.

व्हॉल्व्ह नवा केला, बाकीचेही घासले. उन्हाळ्यात पुन्हा ब्रेकवर घेतलं. तोवर चेअरमन मानद झाला होता, म्हणजे काम नाही आणि जॅकेट तेच. तो मागे येऊन उभा राहिला. दांड्याचे पाच वजा जाऊन काट्यावर पस्तीस पौंड आले आणि तो ओरडला, ‘‘पस्तीस! मी काय सांगत होतो!’’ मी त्याला समजावलं की हे पौंड आहेत, घोडे साडेसव्वीस होतात. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि गावच्या पेपरवाल्याला फोन करून पस्तीस सांगितले. पेपरात पस्तीसच छापून आलं. अशा माणसांचं काही वाकडं होत नाही. मला त्याने रेफरन्स लेटरही दिलं, त्यात माझ्या ‘उत्साही आणि हसतमुख किचन सेवेचं’ कौतुक होतं. ते मी कुठेही दिलं नाही. नोकरी मला त्या सुतारामुळे लागली. त्याचा जावई ग्वेल्फला पंप बनवणाऱ्या कारखान्यात होता. तिथल्या मुलाखतीत मी ब्रेकचं सगळं सांगितलं, पायलटचंही.

पायलट पानगळीत परत आला. माझ्याशी गुड मॉर्निंगपलीकडे बोलला नाही. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. आरपीएम, पौंड, दांडा, साडेसव्वीस, खाली माझी सही. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, मग म्हणाला, ‘‘माझ्यासमोर पुन्हा मोज.’’ मी मोजलं. त्याने स्वतः काटा वाचला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेला.

पुढच्या हिवाळ्यात पाहुणे नव्हते, माइक नव्हता, शंभरावं वर्षही उलटून गेलं होतं. तलावाच्या काठावर आम्ही बारा-तेरा जण. ढीग या वेळी वाटेच्या टोकाला न करता बाजूला टाकला होता. विमान निघालं, वेग घेतला, शेपूट वर आली, आणि मग चाकांखाली उजेड दिसला. शेतकरी टोपी काढून उभा राहिला, त्या थंडीत. माणसाच्या उंचीएवढं वर, फार तर शंभर पावलं, मग विमान खाली आलं, एकदा उसळलं आणि थांबलं.

मुलीने माझी बाही ओढली.

‘‘आई, दॅट्स इट?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले, ‘‘एवढंच.’’ आणि इंजिन थंड व्हायच्या आत तेल बघायला बर्फावरून चालू लागले.